नऊ घंटांचा समुद्र

ताझुको कुसुनोसे बंदरात जन्मली, बंदरातच वाढली, बंदरातल्याच एका माणसाच्या गळ्यात पडली, आणि साठी जवळ आली तरी तिचा पाय कधी जहाजाला लागला नव्हता. मुरोतोच्या किनाऱ्यावर याचं कोणाला नवल वाटत नाही. मासेमारीच्या जहाजावर बाई चढत नसते. जहाजात जी देवी बसवलेली असते ती स्वतःच बाई. तिला दुसरी बाई खपत नाही, ती वारा फिरवते, मासा पळवते. ज्या पुरुषांना घरातल्या बायकोच्या मनात काय चाललंय याचा जन्मात पत्ता लागत नाही, त्यांना देवीच्या मनातलं एवढं बारीकसारीक कसं कळतं, हे मात्र विचारायचं नसतं.

ताझुकोचा बाप खलाशी होता. पोरवयात एकदा तिने त्याच्या होडीच्या फळीवर पाय ठेवला, तर त्याने तिला काखेतून उचलून माशांच्या टोपल्यांमध्ये आणून उभं केलं. ओरडला नाही. "तू चढलीस तर मी परत येणार नाही," एवढंच म्हणाला. ती चढली नाही. बाप त्याच शरदात गेला तो परत आला नाही. तेव्हापासून एकच गोष्ट तिच्या मनात ठाण मांडून बसली होती. कधीतरी एकदा जहाजावर चढायचं आणि तिथून काय दिसतं ते बघायचं. ही इच्छा तिने कोणाला सांगितली नव्हती. सांगण्यासारखी ती नव्हतीच.

नवराही तिला मिळाला तो जहाजावरचाच. इवाओ हा 'होउन मारू' या जहाजाचा तांडेल, सगळ्या खलाशांचा म्होरक्या. ट्यूना माशाच्या मागे तो पार जगाच्या दुसऱ्या टोकाला जायचा, आणि गेला की वर्ष वर्ष तोंड दिसायचं नाही. जाताना जहाजावरून रंगीत कागदी फिती धक्क्यावर फेकायचे. बायका त्यांचं एक टोक धरून उभ्या राहायच्या आणि फीत तुटली की घरी जाऊन भात लावायच्या. ताझुको बोनितो मासा वाळवण्याच्या कारखान्यात कामाला होती. उकडलेल्या माशातून चिमट्याने काटे काढायचे, दिवसभर. एकुलता एक मुलगा हिदेतो मोठा झाला, नोकरीसाठी ओसाकाला गेला, आणि जाताना आपला टीव्हीला जोडायचा खेळ घरीच टाकून गेला.

तो खेळ ताझुकोने चालू केला तो धूळ पुसता पुसता, चुकून. पडद्यावर निळं धुकं आलं, आणि त्यातून एक शीळ ऐकू आली. एकच बारीक शीळ, कोणी लांबून हाक मारावी तशी. ती फडकं हातात धरून तशीच खाली बसली.

'नऊ घंटा' असं खेळाचं नाव. कथा म्हणाल तर दोन ओळींची. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका अजगराने नऊ बंदरांच्या नऊ घंटा गिळल्या, त्यामुळे धुक्यात जहाजांना वाट सापडेना. एका खेड्यातलं कोणी एक पोर निघतं, वाटेत सोबती जोडतं, राक्षसांशी लढतं, आणि एकेक घंटा परत आणून तिच्या बंदरात टांगतं. सुरुवातीला खेळ त्या पोराचं नाव विचारतो. चार अक्षरांपेक्षा जास्त मावत नाही. ताझुकोने लिहिलं, 'हाचिकिन'. आमच्या तोसा मुलखात खमक्या, कोणाच्या बापाला न भिणाऱ्या बाईला हाचिकिन म्हणतात. ताझुको स्वतः तशी मुळीच नव्हती. म्हणून तर लिहिलं.

कारखाना सुटला की घरी यायचं, हात घासून धुवायचे, आणि स्वयंपाकाची वेळ होईपर्यंत खेळायचं, असा तिचा नेम झाला. हात कितीही धुतले तरी बोनितोचा वास जात नाही. तो खेळाच्या बटणांना लागला, कॅसेटलाही लागला. आणि मग तिसरी घंटा टांगल्यावर खेळातला म्हातारा सुतार तिला जहाज देतो, तो दिवस आला.

त्या दिवसाबद्दल तिला धड सांगता यायचं नाही. किनाऱ्याची हिरवी पट्टी मागे सरकली, झाडं गेली, गावाची छपरं गेली, आणि पडदाभर नुसता निळा समुद्र उरला. चारही बाजूंना. त्यात मधोमध तिचं जहाज. कुठेही जा, कोणी अडवणारं नाही. तिने बटणं मांडीवर ठेवून दिली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिला हनुवटीवर आल्यावर समजलं. मग तिने पुढे वाकून, कपाळ चटईला टेकवून नमस्कार केला. कोणाला केला, ते देव जाणे.

शेजारच्या मिनेयोचं केस कापायचं दुकान होतं. तिने एकदा खिडकीतून हा प्रकार पाहिला.

"अगं ताझु, पोराटोरांचा खेळ तो! या वयात लढाया कसल्या करतेस?"

"लढाया नाही गं. समुद्र बघते."

"समुद्र? मागचं दार उघड की. तिथे दुसरं आहे काय?"

"तो बाहेरून," ताझुको म्हणाली. "हा आतून."

मिनेयोला काही उमजलं नाही. पण बाई समंजस. तिने वाळवलेल्या रताळ्यांची पुडी पुढे केली आणि आत येऊन शेजारी बसून बघायला लागली.

खेळात खोडी नव्हत्या असं नाही. ताझुकोला त्या तोंडपाठ होत्या. जमिनीवर चार पावलं टाकली की राक्षस आडवा येतो, पुन्हा चार पावलं, पुन्हा राक्षस. बाजारातून तेल आणायला निघालेल्या बाईला दर कोपऱ्यावर कोणी गाठून गप्पा मारत राहावं तसा जीव नकोसा होतो. गावातली माणसं एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतात. मिनेयोने नावं ठेवली की ताझुको म्हणायची, "आपल्या बंदरातले तरी दुसरं काय बोलतात?" पण एक गोष्ट अशी होती की तिथे दोघींचीही बोलती बंद व्हायची. एक घंटा टांगली की समुद्राच्या गाण्यात एक सूर वाढायचा. सुरुवातीची ती एकटी शीळ. तिच्यात पहिल्या घंटेबरोबर एक जाड सूर मिसळायचा, दुसरीबरोबर टाळ्यांसारखं काहीतरी. आठवी घंटा लागली तेव्हा तो समुद्र असा काही गाऊ लागला की ताझुकोने चुलीवरचा भात करपू दिला. कोणा अनोळखी माणसांनी, कुठल्या तरी शहरात बसून, हे एवढं बनवलं, आणि ते आपल्या खोलीत वाजतंय, याचाच तिला अचंबा वाटे.

आणखी एक होतं. लढाईत सोबती मेला तर त्याला देवळात न्यायचं. पुजारी मंत्र म्हणतो आणि तो उठून उभा राहतो. हे पहिल्यांदा घडलं त्या दिवशी ताझुकोने खेळ बंद केला आणि बापाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून बराच वेळ बसून राहिली.

नववी घंटा तेवढी राहिली होती, आणि अशात इवाओ कायमचा घरी आला.

ट्यूना कमी झाला, दूर जाणारी जहाजं कमी करायचं ठरलं, आणि 'होउन मारू' मोडीत निघालं. तांडेलही त्याच्याबरोबरच मोडीत निघाला म्हणायचा. जहाज धक्क्याला बांधून ठेवलं होतं. इवाओ रोज सकाळी त्याला बघून यायचा आणि दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायचा. दार किती अंगुळं उघडं ठेवायचं यावरही त्याचं मत असे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सलग एवढे दिवस हा माणूस घरात कधी राहिलाच नव्हता. ताझुकोला वाटे, लांबचा दीर राहायला आलाय आणि जाण्याचं नाव काढत नाही.

"निवृत्त नवरा म्हणजे अवजड कचरा," मिनेयो कुंपणापलीकडून म्हणाली. "मोडकं कपाट निदान नगरपालिकेची गाडी उचलते. हे कोणी नेत नाही."

इवाओ आत बसून ऐकत होता. तांडेलाचे कान ते. वाऱ्यातही हाक ऐकणारे.

बायको खेळायला बसली की तो मागे येऊन बसायचा आणि खोट काढायचा. तोसाच्या हेकट पुरुषाला आमच्याकडे इगोस्सो म्हणतात, आणि इवाओ त्यातला अव्वल.

"नांगर नाही टाकलास?"

"यात नांगर नसतो."

"दोरही नाही बांधला. असं कसं जहाज सोडून देतेस? ओहोटीला वाहून जाईल."

"ओहोटी नसते अहो यात."

"ओहोटी नाही? मग समुद्र कसला तो, तलाव आहे! आणि ते हलतही नाही. जहाज आहे की टेबल?" जरा वेळाने, "ते काय आलं? जेलीफिश? मेली? आणि तिच्याकडे सोन्याची नाणी? तीस वर्षं मी जेलीफिश बघतोय, एकीच्या खिशात दमडी सापडली नाही."

ताझुको खुदकन हसली. नवऱ्याच्या बोलण्यावर ती हसली याचं तिलाच नवल वाटलं. पण मग ती सरळ उत्तरेला निघाली, पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत गेली, आणि जहाज दक्षिणेच्या कडेने वर आलं. झालं. तांडेल उठून उभाच राहिला.

"थांब! हे काय? उत्तरेला गेलीस आणि दक्षिणेतून निघालीस?"

"यात तसंच होतं."

"होऊच शकत नाही!" त्याने टोपलीतलं मोठं पपनस उचललं आणि त्यावर बोट फिरवलं. "हे जग. इथून वर गेलीस. टोकाला पोचलीस. पुढे गेलीस तर पलीकडून खाली उतरशील. इथे, बुडाशी कशी निघशील? ज्यांनी हा खेळ केला त्यांनी समुद्र पाहिलेला नाही!"

"असेल चुकीचं," ताझुको म्हणाली. तिने त्याच्या हातातून पपनस घेतलं आणि सोलायला लागली. "पण यात सरळ जात राहिलं की माणूस आपल्याच बंदरात परत येतो. कुठूनही गेला तरी. कोणी हरवत नाही. मला आवडतं ते."

इवाओ पुन्हा खाली बसला. सासऱ्याची होडी कुठल्या दिशेला गेली होती ते बंदरातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्याने हात पुढे केला, तिने त्यावर पपनसाची फोड ठेवली.

मग ते धुण्याचं प्रकरण झालं.

ती कारखान्यातून आली तर अंगणात वाळत घातलेल्या माशांच्या रांगेत, दोराला पक्की खलाशी गाठ मारून, 'नऊ घंटा'ची कॅसेट टांगलेली होती. खाली थेंब थेंब पाणी गळत होतं. शेजारी इवाओ बाह्या सरसावून उभा, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"मीठ धरलं होतं त्यावर," तो म्हणाला. "आणि माशाचा वास. चांगली बादलीभर गोड्या पाण्यात बुडवून धुतली. दोनदा पाणी बदललं!"

दूरच्या समुद्रावर गोडं पाणी सोन्यासारखं जपतात. खलाशी स्वतः खाऱ्या पाण्याने अंग धुतो, पण होकायंत्राची काच, रेडिओची मूठ, गळाची चरखी गोड्या पाण्याने पुसतो. ज्या वस्तूवर जीव, तिला गोडं पाणी. ताझुको खलाशाची लेक आणि तांडेलाची बायको. तिला हे सांगायची गरज नव्हती. म्हणून तर तिला ओरडताही येईना. शत्रूने केलं असतं तर शिव्या देता आल्या असत्या.

कॅसेट वाळली. लावली, तर चालली. निळं धुकं आलं, शीळ ऐकू आली. पण जिथे 'हाचिकिन'चं नाव असायचं तिथे काही नव्हतं. त्या कॅसेटच्या पोटात एक लहानशी बॅटरी असते, आणि माणूस खेळात कुठवर आला ही आठवण तिच्याच जिवावर टिकते. पाण्याने ती पुसून गेली. जहाज गेलं, सोबती गेले, आठही घंटा पुन्हा अजगराच्या पोटात.

"स्वच्छ झाली हो अगदी," ताझुको म्हणाली आणि तांदूळ धुवायला गेली. तांदूळ धुताना तिने नळ मोठा सोडला होता.

त्यानंतर ती टीव्हीपुढे बसलीच नाही. कारखान्यातून यायची आणि नसलेली कामं उकरून काढायची. इवाओने दोन-चार दिवस वाट पाहिली, मग ओसाकाला मुलाला फोन लावला. भिंतीपलीकडे ताझुको मुळा किसत होती. तिला या बाजूचं तेवढं ऐकू येत होतं.

"हां, हिदेतो... आईचा तो खेळ... नाही, मोडला नाही. धुतला... पाण्याने!... अरे गोड्या पाण्याने... हसतोस काय?... कसली बॅटरी?" मग नुसतं हूं, हूं. "आठ?... सगळ्या?... किती दिवसांच्या?" आणि मग अगदी हळू, "तिने मला काही बोलून दाखवलं नाही रे."

दुसऱ्या दिवशी ती घरी आली तर पडद्यापुढे इवाओ बसला होता. डाव्या हाताची करंगळी गळाच्या दोराने कधीच नेलेली, बाकीची बोटं काकडीएवढी. एक बटण दाबायला जावं तर दोन दाबली जायची. ती तशीच स्वयंपाकघरात गेली. पण कान काही तिच्या ताब्यात नव्हते. आवाजावरून तिला अचूक कळत होतं तो कुठे आहे. गावाबाहेर पडला. जेलीफिश. मेला. पुन्हा गावाबाहेर. जेलीफिश. मेला. मरण्याची ती उदास धून त्या घरात त्या आठवड्यात इतकी वाजली की मिनेयोने कुंपणावरून विचारलं, "कोणी गेलं का गं तुमच्यात?"

"तांडेल जातोय," ताझुको म्हणाली. "रोज."

अडचण वेगळीच होती. या खेळात लोकांच्या घरात बेधडक शिरायचं असतं, त्यांच्या पेट्या उघडायच्या, मडकी फोडायची, मिळेल ते उचलायचं. तलवार, औषध, सगळं तिथेच ठेवलेलं. इवाओ दाराशी जायचा, आतून कोणी 'या' म्हणत नाही म्हणून उभा राहायचा आणि परत फिरायचा. हातात नुसती काठी घेऊन तो दुनियेशी लढत होता. शेवटी ताझुकोला राहवेना. ती पळी हातात घेऊनच बाहेर आली.

"अहो, आत शिरा! ती कोपऱ्यातली पेटी उघडा."

"दुसऱ्याची पेटी?"

"दुसऱ्याचीच."

"चोरी आहे ही!"

"चोरीच आहे. उघडा."

त्याने पडद्याकडे पाहून मान लववली, "माफ करा हं," असं त्या रिकाम्या घराला म्हणाला, आणि पेटी उघडली. तलवार मिळाली. तांडेलाच्या तोंडून "ओहो!" असा उद्गार निघाला. चूलखंडापाशी परत जाताना ताझुकोचे ओठ हलत होते. हसू आवरत होती ती.

त्यानंतर ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहू लागली. जवळ बसली नाही. बसली असती तर तो खेळ आपला झाला असता, आणि आपला तर धुऊन गेला होता. इवाओ मात्र एखाद्या वादळाशी झुंजावं तसा चिवटपणे पुढे सरकत होता. पहिली घंटा टांगली आणि शिळेत दुसरा सूर मिसळला, तेव्हा तो मागे वळून म्हणाला, "ऐकलंस? गाणं बदललं!" एवढं मोठं बंदर, एवढे समुद्र पाहिलेला माणूस, आणि डोळे पोरासारखे विस्फारलेले. ताझुकोला तेव्हा तो बरा वाटला. फार बरा वाटला.

आणि मग तिसऱ्या घंटेनंतर म्हातारा सुतार आला. इवाओ सगळं मोठ्याने वाचायचा; त्या खेळातली अक्षरं पोरांसाठी असतात, चित्रलिपी नाही तर नुसते उच्चार, त्यामुळे डोळ्यांनी नुसतं वाचलं तर त्याला अर्थ लागत नसे. वादळात हुकूम सोडण्याचा तो त्याचा आवाज. तो वाचू लागला:

"'ताझुको. हे जहाज आता तुझं. चढ, तांडेल.'"

ती चौकटीपाशी थिजून उभी राहिली. खेळ सुरू करताना त्याने कोणाचं नाव घातलं होतं, ते तिने पाहिलंच नव्हतं; चौकटीपासून बारीक अक्षरं दिसत नसत, आणि खेळातल्या कोणी आजवर ते नाव घेतलं नव्हतं. एवढे दिवस काठी घेऊन मरत होती ती ताझुको होती.

इवाओही पुढचं बटण दाबेना. ते वाक्य पडद्यावर तसंच राहिलं. आपण काय वाचलं ते त्याला बहुधा वाचल्यानंतर कळलं. या बाईला असं काही कोणी कधी म्हटलं नव्हतं. बापाने नाही, त्याने स्वतःही नाही. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुला चढायचं असायचं का गं?"

"हो," ताझुको म्हणाली.

"कधीपासून?"

"चालायला लागले तेव्हापासून."

दुसऱ्या दिवशी तो टोपी घालून जहाजाच्या मालकाकडे, यासुओकांकडे गेला आणि हसतमुखाने परतला.

"परवा पूजा आहे. पुजारी देवीला जहाजातून काढणार, मग जहाज तोडायला जाणार. देवी एकदा निघाली की तुला वर नेतो. यासुओकांना विचारलंय. आता काही अडचण नाही."

ताझुको भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "नको."

"का?"

"देवी गेल्यावर ते जहाज कसलं? भंगार आहे. मी भंगारात नाही चढायची."

लग्न झाल्यापासून ती त्याला 'नको' असं तोंडावर म्हणाली नव्हती. इवाओने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि बाहेर जाऊन बसला.

पूजेच्या दिवशी सगळं बंदर धक्क्यावर लोटलं होतं. पांढऱ्या कपड्यांतला पुजारी, मिठाची रास, तांदूळ, साके दारूच्या बाटल्या. पुरुष जहाजाजवळ, बायका मागे. 'होउन मारू'ला घासूनपुसून लख्ख केलं होतं. पुजारी जहाजावर चढायच्या फळीकडे निघाला, तसा इवाओ आडवा आला.

"थोडं थांबा, महाराज. आधी ही चढेल." आणि मागे वळून त्याने हाक मारली, "ताझु! ये."

जुन्या खलाशांत कुजबुज सुरू झाली. यासुओका म्हातारा काठी टेकत पुढे आला.

"वेड लागलं का तांडेल? देवी आत आहे अजून. घडीभराचा तर प्रश्न. मग वहिनींना खुशाल फिरव की."

"देवी आत आहे म्हणूनच."

"कोपेल ती!"

"कोणावर?" इवाओचा आवाज चढला. "देवीच्या पेटीत बाईचे केस ठेवतात ना, मालक? तुम्हीच सांगितलंत म्हणून जहाज बांधलं तेव्हा कापून आणले होते मी. हिचेच ते. वीस वर्षं आम्ही त्या केसांच्या पाया पडून जाळी टाकली... नाही, गळ टाकले. हिचे केस जगभर फिरले आणि ही धक्क्यावर उभी राहिली. आता कोपायचं असेल तर हिनेच कोपावं. माझ्यावर."

यासुओकाने पुजाऱ्याकडे पाहिलं. पुजाऱ्याने जरा विचार केला, मग चिमूटभर मीठ घेऊन फळीवर शिंपडलं आणि बाजूला झाला.

"मी येऊ बरोबर?" इवाओने विचारलं.

"नको," ताझुको म्हणाली. "एकटी जाते."

तिने चपला काढून हातात घेतल्या. देवीच्या घरात जायचं होतं. फळी लवत होती. दोन्ही हात पसरून ती वर गेली, आणि तळपाय डेकला लागला तसं सगळं जहाज तिच्याखाली हललं. अगदी थोडं, झोपलेल्या माणसाची छाती हलते तेवढं. खेळात हे नव्हतं. एवढ्या घंटा, एवढं गाणं, पण हे नव्हतं. ते कोणाला बनवताच आलं नसतं. इवाओ बरोबर म्हणत होता. दोराने बांधलेलं, उद्या तोडलं जाणारं जहाज, आणि तरी ते जिवंत होतं. ती देवीच्या कोनाड्याकडे गेली नाही. सरळ पुढे, जहाजाच्या टोकाशी, नाळेपर्यंत गेली, कठडा घट्ट धरला आणि समोर बघितलं. बंदराचा बांध खाली राहिला होता, आणि त्यापलीकडे पाण्याला शेवटच नव्हता. बापाने शेवटचं हेच पाहिलं असेल. ती रडली नाही. तिला भीतीही वाटली आणि तिथून हलूही नये असं वाटलं, दोन्ही एकदम.

बऱ्याच वेळाने ती मागे वळली. धक्क्यावर माणसं होती, खाली, फार खाली. त्यांच्यात, जरा मागे सरकून, टोपी हातात धरून एक म्हातारा उभा होता. एवढासा. हात वर करावा की नाही हे न कळून तो अर्धवट वर करून थांबला होता. ताझुकोने त्याला आधी ओळखलंच नाही.

म्हणजे आपण याला एवढ्याशाच दिसायचो, दर वर्षी. आणि तेवढ्यावर हा माणूस वर्ष काढायचा.

"वहिनी, उतरा आता! पुजारी खोळंबलेत!" यासुओका ओरडला.

ताझुकोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"अहो! मागे कुठे उभे राहिलात? पुढे या, पुढे! दिसत नाही मला नीट!"

आणि इवाओ गर्दी बाजूला सारत धक्क्याच्या अगदी काठाशी आला.